सतरा हजारांतले तीन गरुड

मुलांनो, अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात ‘सातवा रस्ता’ नावाचा एक रस्ता आहे. आजची आपली सफर तिथूनच सुरू करू. १७९२ साली या रस्त्यावर विटांची तीनमजली इमारत उभी राहिली. ही अमेरिकन सरकारची पहिली टांकसाळ. तेव्हा देशाची राजधानीही फिलाडेल्फियाच होती. आज ती इमारत दिसत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती पाडली.

पण आत काय चालायचं, ते ठाऊक आहे. धातूची लगड दोन जड रुळांमधून काढून तिची पट्टी करायची. हे रूळ फिरवायला चक्क घोडे जुंपलेले! वाफेचं इंजिन आलं ते १८१६ साली. पट्टीतून गोल चकत्या कापायच्या, चकती दोन ठशांमध्ये ठेवायची आणि माणसांनी जोर लावून दाबयंत्राचा दांडा फिरवायचा. पडलं नाणं! सोन्यात खोट केली किंवा चोरी केली तर टांकसाळीच्या अधिकाऱ्याला देहदंड, असं कायद्यातच लिहिलं होतं.

सोन्याची नाणी पडू लागली १७९५ मध्ये. दहा डॉलरचं नाणं म्हणजे ‘ईगल’, आपल्या भाषेत गरुड. पाच डॉलरचं ते अर्धा ईगल. वजन पावणेनऊ ग्रॅम, सोनं बावीस कॅरट. गंमत म्हणजे सुरुवातीच्या या नाण्यांवर किंमत लिहिलेलीच नव्हती!

आता एक कोडं. टांकसाळीच्या हिशेबात १८२२ साली १७,७९६ अर्धे ईगल पडल्याची नोंद आहे. १८२२ साल कोरलेली आज किती माहीत आहेत? फक्त तीन.

बाकीची गेली कुठे? चोरांनी नेली नाहीत. शहाण्या व्यापाऱ्यांनी नेली! अमेरिकेच्या कायद्यानं एक भार सोन्याची किंमत पंधरा भार चांदी ठरवली होती. युरोपात तेव्हा त्याच सोन्याला साडेपंधरा भार किंवा थोडी जास्तच चांदी मिळे. मग काय, नाणी जहाजात भरायची, पलीकडे नेऊन वितळवायची आणि नफा खिशात घालायचा. पुढे १८३४ साली सरकारनं नव्या नाण्यांतलं सोनं कमी केलं. त्यामुळे जुन्या पाच डॉलरमधलं सोनंच सुमारे पाच डॉलर तेहतीस सेंटचं झालं. उरलीसुरली नाणीही मुशीत गेली. आपल्याकडे आजीचे जुने दागिने मोडून नवे करतात ना, तसंच. सोनं उरतं, घडण जाते. (मला विचाराल तर, पहिली घडणच जास्त मोलाची!)

मग ती तीन वाचली कशी? टांकसाळीत ॲडम एकफेल्ट नावाचा मुख्य नाणेकार होता. चांगलं नाणं दिसलं की तो बाजूला काढून ठेवी. त्यातूनच १८३८ साली टांकसाळीचा रीतसर संग्रह सुरू झाला.

फिलाडेल्फियात आजही टांकसाळ आहे, पण नव्या इमारतीत. लोकांना आत जाऊन बघता येते, तेही फुकट. तिथे पेंढा भरून ठेवलेला एक गरुड आहे. त्याचं नाव पीटर. १८३०च्या सुमारास तो टांकसाळीतच राहायचा. दिवसा शहरावर फिरायचा, रात्री परत यायचा. एकदा यंत्राच्या चाकात त्याचा पंख अडकला आणि बिचारा गेला.

जुना संग्रह मात्र इथे नाही. तो बघायचा तर वॉशिंग्टनला जायला हवं. १९२३ साली तो तिथल्या स्मिथसोनियन संस्थेकडे गेला. १८२२चं एक नाणं त्यात होतं. दुसरं आलं जोसाया लिली या औषध कारखानदाराच्या संग्रहातून. या गृहस्थानं सोन्याची सहा हजारांहून अधिक नाणी जमवली होती! त्याच्या मृत्यूनंतर, १९६८ साली, तीही स्मिथसोनियनमध्ये आली. म्हणजे तिनातली दोन एकाच छपराखाली.

ही दोन संस्था विकणार नाही. त्यामुळे संग्राहकांच्या उड्या पडतात त्या तिसऱ्यावर. १९८२ साली त्याचा लिलाव झाला, तेव्हा ते ६,८७,५०० डॉलरला गेलं. मार्च २०२१ मध्ये पुन्हा लिलाव झाला, तेव्हा किंमत आली ८४ लाख डॉलर. नाण्यावर किंमत कोरली आहे पाच डॉलर. म्हणजे किती पट झाली? कागद-पेन्सिल घ्या आणि भागाकार करून बघा.