वाटांची विद्या

लंडनमध्ये काळी टॅक्सी चालवण्याचा परवाना मिळवणे ही सोपी गोष्ट नव्हे. चॅरिंग क्रॉस या मध्यवर्ती ठिकाणापासून सुमारे दहा किलोमीटरच्या टापूतील जवळजवळ २५,००० रस्ते उमेदवाराला तोंडपाठ असावे लागतात. शिवाय चौक, इस्पितळे, नाटकगृहे, न्यायालये आहेतच. या अभ्यासाला तिकडे नुसते ‘नॉलेज’, म्हणजे ‘ज्ञान’ म्हणतात. परीक्षक दोन ठिकाणांची नावे घेतो. उमेदवाराने नकाशा न पाहता, डोळ्यांपुढे नसलेला रस्ता मनात धरून, वाटेतील एकेक वळण क्रमाने सांगायचे. तयारीला तीन-चार वर्षे सहज जातात. हे उमेदवार काही कोवळ्या वयाचे विद्यार्थी नसतात. पोटापाण्याचा उद्योग सांभाळून पावसाथंडीत मोपेडवर गल्लीबोळ पालथे घालणारी ही प्रौढ माणसे असतात.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील एलेनॉर मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १६ चालकांच्या मेंदूची एमआरआय यंत्राने चित्रे घेतली. ते निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. मेंदूत खोलवर हिपोकॅम्पस नावाचा भाग असतो; समुद्रघोड्यासारख्या आकारावरून त्याला हे नाव पडले. जागा आणि वाटा लक्षात ठेवण्याच्या कामी तो महत्त्वाचा. चालकांमध्ये त्याचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा आढळला, आणि ज्याची नोकरी अधिक वर्षांची, त्याचा तो अधिक मोठा.

परंतु शंका घ्यायला जागा होती. ज्यांना जन्मतःच असा मेंदू लाभला, तेच या व्यवसायात टिकत असतील तर? ही शंका रास्तच होती. ‘आता या वयात काय शिकणार’ असे म्हणणाऱ्यांनाही ती सोयीची वाटली असती. म्हणून ७९ उमेदवारांची अभ्यासाच्या प्रारंभीच तपासणी करण्यात आली. तेव्हा त्यांच्या मेंदूंत लक्षणीय फरक नव्हता. पुढे त्यांपैकी ३९ जण उत्तीर्ण झाले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात उत्तीर्णांच्या हिपोकॅम्पसचा मागचा भाग वाढलेला दिसला. जे उत्तीर्ण झाले नाहीत, त्यांच्यात तशी वाढ नव्हती.

अनुत्तीर्ण मंडळी बुद्धीने उणी होती असे मात्र नाही. प्रारंभीच्या चाचण्यांत ती बरोबरीचीच होती. उत्तीर्णांनी दर आठवड्याला अभ्यासाला दिलेले तास त्यांच्यापेक्षा सुमारे दुप्पट होते. हे तास कोणाला घरची जबाबदारी सांभाळून काढता आले आणि कोणाला आले नाहीत, ते एमआरआयच्या चित्रात दिसत नाही.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. कौतुकाच्या भरात ती बहुधा गाळली जाते. एक गुंतागुंतीची आकृती पाहून काही वेळाने ती आठवणीतून काढायला सांगितली, तेव्हा हेच नवे परवानाधारक इतरांच्या मागे पडले.