वाटेचं माप

नवी गाडी घ्यायची ठरली त्या दिवशी मी शोरूमला गेलो नाही. लोखंडी टेप घेतली आणि वरच्या धनगरवाड्याची वाट धरली. वाडा लागायच्या आधी रस्ता जांभ्या दगडाच्या दोन गडग्यांमधून जातो. त्यातली सगळ्यात चिंचोळी जागा शोधून मोजली. सहा फूट चार इंच. औषधांच्या वहीच्या मागच्या पानावर तो आकडा लिहिला. खाली शेवटच्या चढाची लांबी पावलांनी मोजून लिहिली. ओढ्याकाठच्या दगडावर गेल्या पुराची खूण होती, तिची उंचीही लिहिली. गाडी कुठली घ्यायची हा विचार त्यानंतर सुरू झाला.

गगनबावडा तालुक्यात मी गुरांचा डॉक्टर आहे. फोन येतो, "डॉक्टर, म्हस अडलीया, बिगीनं या," आणि मग रात्र आहे, पाऊस आहे, ओढा भरलाय, यातलं एकही कारण सांगता येत नाही. वासरू पोटात आडवं असेल तर घड्याळ दर मिनिटाला त्याच्या विरुद्ध चालत असतं. व्यायल्यावर कॅल्शियम उतरून खाली बसलेली म्हैस शिरेतून औषध वेळेत मिळालं तर थोड्या वेळात मान वर करते, पुढे उठून उभीही राहते. उशीर झाला तर उठत नाही. म्हणून गाडी चालवणं हा माझ्या लेखी वैद्यकीचाच भाग आहे. सुई कुठे टोचायची हे जितक्या निष्ठेने शिकलो, तितक्याच निष्ठेने चाक कुठे ठेवायचं हे शिकलो.

हे मला जिप्सीने शिकवलं. मारुतीची जिप्सी १९८५ साली आली. माझी नंतरची, १.३ लिटर इंजिनाची. वजन एका टनाला थोडं कमी, रुंदी १,५४० मिलिमीटर, खाली पाट्यांच्या स्प्रिंग आणि पुढच्या चाकांच्या मध्यावर हाताने फिरवायचे हब. चिखल लागायच्या आधी खाली उतरून दोन्ही हब फिरवायचे, मग आत बसून फोर बाय फोरचा लिव्हर ओढायचा. त्या उतरण्याचं मोल मला फार उशिरा कळलं. खाली उतरलेला माणूस पुढची वाट बघतो. पाण्याखालचा दगड काठीने चाचपतो. चाकोरी किती खोल आहे ते पायाने मोजतो. अर्धा चढ तिथेच चढून झालेला असतो.

जिप्सीचे दोन्ही डिफरन्शियल उघडे होते. वळणावर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जास्त फिरावं लागतं, त्यासाठी डिफरन्शियल असतो. पण त्याच रचनेमुळे एक चाक चिखलात किंवा हवेत सैल झालं की तेच मोकळं फिरत राहतं आणि घट्ट जमिनीवरच्या चाकालाही त्याच्याइतकाच तुटपुंजा जोर मिळतो. यावर जिप्सीत एकच उपाय होता, तो म्हणजे माझा पाय. चाक जागेवर फिरायला लागलं की लगेच अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, चार हात मागे यायचं, वेगळी रेघ धरून अंगच्या वेगाने पुन्हा चढायचं. बावीस वर्षं माझा उजवा पाय हेच करत आला.

गाडी थकली. पत्रा गंजला आणि भार वाढला. आता गाडीत उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनचा कंटेनर असतो, त्यात रेतमात्रा. तो उभाच राहिला पाहिजे. शिवाय बसलेल्या म्हशीला उचलायचा लोखंडी सापळा, दोर, औषधांच्या पेट्या, आणि बहुतेक वेळा वाटेत भेटलेली दोन माणसं.

मारुती सोडायची नाही असंच मनात होतं. २०२३ च्या जूनमध्ये पाच दारांची जिम्नी आली आणि मी ती आधी चालवून पाहिली. तिच्याबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. झेटा आणि अल्फा या तिच्या दोन्ही मॉडेलांचं खालचं अंग एकच आहे. तेच १.५ लिटरचं पेट्रोल इंजिन, तेच फोर बाय फोर, तोच लो रेंजचा गिअर, जमिनीपासून तीच २१० मिलिमीटर उंची. वरच्या अल्फाचे जादा पैसे जातात ते एलईडी दिव्यांना, मोठ्या स्क्रीनला, अलॉय चाकांना. डोंगराच्या दृष्टीने दोघी सख्ख्या बहिणी. रुंदी १,६४५, म्हणजे माझ्या गडग्यातून ती निवांत गेली असती. पण इंजिनाचा पीळ १३४ न्यूटन-मीटर, आणि तोही फेरे वाढवल्यावर. पूर्ण भार घेऊन शेवटच्या चढावर मला इंजिन न ओरडता, सावकाश वर न्यायचं असतं. फोर्सची गुरखा पाहिली. पुढच्या-मागच्या दोन्ही डिफरन्शियलना हाताने लॉक करता येतं, धुराड्यासारखा श्वासनळा कंपनीचाच. चिखलाच्या कामाला तिच्याइतकी सरळ गाडी नाही. पण मला रोज डांबरी घाटातूनही तितकंच फिरायचं असतं, आणि तेव्हाचं तिचं ९० अश्वशक्तीचं इंजिन मला त्यासाठी अपुरं वाटलं.

राहिली महिंद्राची थार. डिझेल इंजिनाचा पीळ ३०० न्यूटन-मीटर आणि तो १,६०० फेऱ्यांपासूनच हाताशी. रुंदी १,८२० मिलिमीटर. वहीतले सहा फूट चार इंच म्हणजे सुमारे १,९३०. आरसे मिटले तर दोन्ही बाजूंना तीन-तीन बोटं उरतात. तीन बोटं मला पुरतात.

खरा पेच पुढे होता. थार घ्यायची, पण कुठली? त्याच वर्षाच्या सुरुवातीला १.५ लिटर डिझेलची, फक्त मागच्या चाकांवर चालणारी थार आली होती. बाहेरून पाहिलं तर तोच चेहरा, तीच उंची. आत गिअरशेजारी दुसरा लिव्हर नाही, एवढाच काय तो डोळ्याला दिसणारा फरक. शहरात फिरणाऱ्यासाठी तो शहाणा सौदा आहे. माझ्यासाठी तो लिव्हर म्हणजेच गाडी होती.

मग फोर बाय फोरमधली दोन मॉडेलं, खालचं एएक्स ऑप्शनल आणि वरचं एलएक्स. माझ्यासारखा माणूस सहज खालच्याकडे झुकतो. आपल्याला काय करायचाय मोठा स्क्रीन! त्यातून खालच्या मॉडेलची १६ इंची लोखंडी चाकं मला मनापासून आवडली. २४५/७५ आर १६ या टायरची भिंत सुमारे १८४ मिलिमीटर उंच असते, तर वरच्या मॉडेलच्या २५५/६५ आर १८ ची सुमारे १६६. उंच भिंतीच्या टायरची हवा कमी केली की तो जमिनीवर जास्त पसरतो, दगडाला धरतो, धक्का पोटात घेतो. रिमला मार बसला तरी लोखंड ठोकून सरळ करता येतं.

पण मला हवं असलेलं मागच्या डिफरन्शियलचं यांत्रिक लॉक मी गाडी घेतली तेव्हा मिळत होतं ते फक्त वरच्या एलएक्स डिझेलवर. बाकी फोर बाय फोर मॉडेलांत ब्रेकच्या आधारे चालणारी व्यवस्था. चाक मोकळं फिरतंय हे सेन्सरला कळलं की गाडी त्या चाकाला आपोआप ब्रेक लावते आणि जोर पलीकडच्या चाकाकडे वळतो. तीही चांगली चालते. मात्र ओल्या चढावर भार घेऊन पुन्हापुन्हा तिच्यावर विसंबलं तर ब्रेक तापतात. यांत्रिक लॉक दोन्ही चाकं एकाच आसासारखी बांधून टाकतं.

म्हणजे जमिनीला हव्या असलेल्या दोन गोष्टी दोन वेगळ्या मॉडेलांत वाटल्या गेल्या होत्या. उंच भिंतीचा टायर खाली, लॉक वर. त्या रात्री मी वहीतलं मागचं पान पुन्हा उघडलं. शेवटच्या चढावर एका ठिकाणी पाण्याने वाट तिरकी कापली आहे. तिथे पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एकाच वेळी अधांतरी होतात. माझ्या सगळ्या फिरतीतली ती वीस पावलं सगळ्यात वाईट. बाकीचे चाळीस किलोमीटर दोन्ही मॉडेलांनी सारखेच काढले असते. गाडी निवडायची ती त्या वीस पावलांसाठी, असं ठरवलं आणि एलएक्स घेतली. टायर आज ना उद्या झिजतो, तेव्हा बदलता येतो. आसाच्या पोटातली वस्तू पहिल्याच दिवशी बरोबर असलेली बरी.

पहिल्या पावसाळ्यात, जुलैच्या एका पहाटे, त्याच वीस पावलांवर गाडी अडली. मागचं चाक फिरायला लागलं आणि माझा उजवा पाय, बावीस वर्षांच्या सवयीने, आपसूक वर आला. गाडी मागे घसरली आणि मागचं चाक पाण्याच्या चरात बसलं. जिप्सी तिथून चार माणसांनी उचलून काढली असती. ही जवळजवळ पावणेदोन टनांची. पेटी खांद्यावर घेऊन उरलेली वाट पायी चढलो. म्हैस वाचली. रेडकू वाचलं नाही. वाड्यावरच्या आजोबांनी मला चहा दिला, शब्दाने काही म्हणाले नाहीत. उतरताना त्यांचे दोन नातू आणि एक बैलजोडी माझ्याबरोबर गाडी काढायला आली.

चूक मला खाली पोचेपर्यंत कळली होती. हे लॉक एका चाकाची फिरत दुसऱ्यापेक्षा मिनिटाला शंभरेक फेऱ्यांनी वाढली की आपोआप बसतं. म्हणजे चाकाला थोडं फिरू द्यावं लागतं. ब्रेकवाल्या व्यवस्थेचंही तसंच, तिला घसरण जाणवली तरच ती काम करते. मी मात्र चाक फिरताच पाय उचलत होतो आणि मदत यायच्या क्षणीच दार लावून घेत होतो. जिप्सीत जे शहाणपण होतं तेच इथे आड येत होतं.

त्यानंतरचे चार रविवार माझ्या रानातल्या खड्ड्यापाशी गेले. लो रेंज, दुसरा गिअर, पाय स्थिर. चाक फिरतं, शरीर म्हणतं सोड. सोडायचं नाही. एक, दोन मोजायचं. मागून टक् असा आवाज येतो, गाडीचं बूड घट्ट होतं आणि ती चढते. ते दोन आकडे मोजायला शिकणं ही मला या गाडीने दिलेली खरी विद्या. कंपनी बदलली की किल्ली एका दिवसात बदलते. पाय बदलायला एक पावसाळा लागतो, आणि त्या पावसाळ्याची किंमत कुणीतरी मोजतं. आपण ती आधी रिकाम्या रानात मोजावी, रुग्णाच्या वाटेवर नाही.

आणखी एका बाबतीत माझं मत बदललं. वरच्या मॉडेलच्या स्क्रीनवर गाडी किती अंशांत कलली आहे ते दिसतं. घेताना मी त्याकडे लक्षही दिलं नव्हतं. पण डोंगरउतारावर डोळा फसतो, आजूबाजूची झाडं, बांध सगळंच तिरकं असतं. नायट्रोजनचा कंटेनर किती कलतोय याचा खरा आकडा आता मला तिथे मिळतो. ज्याला मी चैन समजत होतो ते माझ्या कामाचं हत्यार निघालं. म्हणून आता मी कुणालाही "टॉप मॉडेल म्हणजे देखावा" असं सांगत नाही. आपल्या कामापुढे प्रत्येक वस्तू एकदा धरून बघावी, एवढंच सांगतो.

गेल्या उन्हाळ्यात शिरोळकडचा एक तरुण डॉक्टर भेटायला आला. नुकताच धंद्यात उतरलेला, हातात दोन गाड्यांची माहितीपत्रकं. "सर, तुमच्यासारखीच घेऊ का?" मी टेप घेतली आणि आम्ही त्याच्या गावी गेलो. तिकडे डोंगर नाही. नदीकाठचं सपाट काळं रान, उसातून जाणाऱ्या गाडीवाटा. काळी माती भिजली की फुगते, टायरची नक्षी भरून टाकते, चाक गुळगुळीत लाडवासारखं होतं. तिथे डिफरन्शियल लॉक केलं तर दोन्ही चाकं मिळून खोल जातात. तिथे हलकी गाडी हवी. मी म्हटलं, "जिम्नी बघ, खालचं मॉडेल. उरलेल्या पैशांत चांगल्या नक्षीचे टायर आणि हवा भरायचा छोटा पंप घे."

त्याने वही काढली. वाटेची रुंदी लिहिली, दोन चाकोऱ्यांमधल्या उंचवट्याचं माप लिहिलं. मग बांधावर बसलेल्या त्याच्या काकांनी त्याला आणखी एक आकडा सांगितला, जो मलाही सुचला नव्हता. पाऊस उघडल्यावर त्या रानाला वाफसा यायला चार दिवस लागतात. तोवर तिथे कुठलीच गाडी घालू नये, चालत जावं. पोराने तोही आकडा लिहून घेतला, आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.