फडातला रविवार

भाऊबीज झाली की माझ्या पहिल्या ख्रिस्ती मंडळीतली निम्मी घरे कुलूपबंद व्हायची. आजही होतात. नगर जिल्ह्याच्या पूर्वेकडचे, कमी पावसाचे गाव. ज्वारी-बाजरीवर वर्ष निघत नाही, म्हणून मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी ट्रकात बसून ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. परततात ती गुढीपाडव्याच्या आगेमागे. त्यांचा नाताळ फडात जातो, उपवासकाळ फडात जातो, आणि ईस्टर लवकर आला तर तोही फडातच.

मी तिथे पाळक म्हणून रुजू झालो त्या वर्षी डिसेंबरात त्यांच्या अड्ड्यावर गेलो. उसाच्या पाचटाने शाकारलेल्या कोप्यांची रांग होती. पहाटे अंधारात कोयता धरलेली माणसे दिवस मावळल्यावर येऊन बसली होती. बाया चुलीपुढे होत्या. प्रार्थना झाली, दोन भजने झाली. उठताना एक मावशी म्हणाल्या, "साहेब, सहा महिने देवळाची पायरी चढत नाही आम्ही. मुकादमाच्या वहीत खाडा धरतात, तसा देवाच्या वहीत बी धरत असतील का?"

मी तेव्हा पुस्तकातले उत्तर दिले. देव सगळीकडे आहे, मावशी. त्यांनी मान डोलावली आणि भाकरी थापायला लागल्या. त्यांचे समाधान झाले नव्हते, माझेही झाले नव्हते. पुढे मी उपासनाशास्त्राचा अभ्यास केला, आणि गेली बरीच वर्षे पाळक होऊ पाहणाऱ्या मुलामुलींना तोच विषय शिकवतो आहे. या विषयातला माझा सगळा अभ्यास म्हणजे त्या एका प्रश्नाचे उत्तर शोधणे आहे. ते उत्तर इथे मांडतो.

शब्दांपासून सुरुवात करू. मराठीत 'उपासना' म्हणजे जवळ जाऊन बसणे. सुंदर शब्द आहे, पण त्यात बसणे आहे, आणि बसायला सवड लागते. बायबलमधल्या जुन्या कराराची भाषा हिब्रू. तिथे उपासनेसाठी जो एक मोठा शब्द आहे तो 'अवोदा'. त्याचा अर्थ काम, चाकरी, कष्ट, आणि उपासनाही. निर्गमच्या पुस्तकात इस्राएल लोक मिसरात विटा थापतात, त्या वेठबिगारीला हाच शब्द आहे. आणि त्यांचा पुढारी मोशे मिसरच्या राजापुढे, फारोपुढे उभा राहून देवाचा निरोप सांगतो, माझ्या लोकांना जाऊ दे, त्यांना माझी सेवा करायची आहे, तेव्हा त्या सेवेसाठी वापरलेले क्रियापदही त्याच धातूचे. फारोचे उत्तर आजच्या कुठल्याही मुकादमाला पाठ असेल. हे लोक आळशी झालेत, म्हणून त्यांना देव आठवतो. तो विटांसाठी लागणारा पेंढा बंद करतो आणि विटांचा आकडा मात्र तेवढाच ठेवतो.

म्हणजे त्या कथेत माणूस राबणार की भजणार, असा प्रश्नच नाही. तो राबणारच आहे. त्याचे राबणे कोणाच्या नावावर जमा होणार, एवढाच वाद आहे. फारोच्या की देवाच्या? प्रेषित पौलाने रोमच्या मंडळीला लिहिताना हाच धागा उचलला. आपली शरीरेच जिवंत यज्ञ म्हणून अर्पण करा, तीच तुमची खरी उपासना, असा त्याचा आशय आहे. शरीर म्हणजे घट्टे पडलेले हात, दुखणारी कंबर, मोळी वाहणारे डोके. ख्रिस्ती माणसाने देवापुढे ठेवायची पहिली वस्तू ती आहे.

हे ऐकले की काही सुशिक्षित माणसे लगेच म्हणतात, मग काम हीच पूजा, रविवारी देवळात कशाला यायचे? त्यांना मी इतिहासाकडे पाहायला सांगतो.

इसवी सन ११२ च्या सुमारास आजच्या तुर्कस्तानच्या उत्तर भागात प्लिनी नावाचा रोमन सुभेदार होता. त्याने सम्राट ट्रेजनला पत्र लिहून ख्रिस्ती लोकांचे काय करायचे ते विचारले. चौकशीत त्याला कळले ते इतकेच: ही माणसे ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने स्तोत्र गातात, आणि शपथ घेतात. ती शपथ चोरी न करण्याची, व्यभिचार न करण्याची, दिलेला शब्द न मोडण्याची, विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू परत करण्याची. आणखी माहिती काढण्यासाठी त्याने दोन दासींचा छळ केला. त्या मंडळीत सेविका होत्या.

उजाडण्यापूर्वी का? कारण रविवारला सुट्टी नव्हती. ती सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२१ साली दिली, आणि त्या हुकमातूनही शेतीची कामे वगळली होती. जवळजवळ तीनशे वर्षे ख्रिस्ती लोक अंधारात जमत, गात, आणि उजाडताच आपापल्या मालकाच्या कामाला जात. आमच्या ऊसतोड्यांना रविवार नाही म्हणून ते उणे ख्रिस्ती ठरत असतील, तर ती पहिली तीनशे वर्षेही उणीच म्हणावी लागतील.

पण ते जमत होते, हेही तितकेच खरे. इसवी सन १५५ च्या सुमारास रोममध्ये जस्टिन नावाच्या तत्त्वज्ञाने त्या जमण्याचे वर्णन लिहून ठेवले. शहरातले आणि खेड्यातले लोक एकत्र येतात. प्रेषितांच्या आठवणी आणि संदेष्ट्यांचे ग्रंथ वेळ असेल तितके वाचतात. पुढारी उपदेश करतो. सगळे उभे राहून प्रार्थना करतात. भाकर आणि द्राक्षारस आणला जातो, त्यावर उपकारस्तुती होते, सगळे मिळून ते घेतात. ऐपत असलेले स्वखुशीने दान देतात, आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि परके यांची काळजी घेतली जाते. यातले एक वाक्य मी कितीतरी वर्षे नुसते वाचून पुढे जात होतो. जे हजर नाहीत त्यांच्याकडे त्या भाकरीचा वाटा सेवकांच्या हाती पाठवला जातो.

हजर नसलेल्यांचा वाटा. त्या मंडळीत गैरहजर माणसाच्या नावापुढे खाडा पडत नव्हता. त्याचा वाटा बाजूला काढला जात होता. आणि तो पोहोचवणे हा उपासनेचाच भाग होता. हे उमगले त्या दिवशी मला मावशी आठवल्या. खाडा पडला होता खरा, पण तो त्यांचा नव्हता. त्यांचा वाटा पोहोचवायला वर्षानुवर्षे कोणी गेले नव्हते. खाडा आमचा होता.

तेव्हापासून मी रविवारची उपासना या नजरेने शिकवतो. तिचा क्रम साधा आहे. पापांगीकार, वचन, उपदेश, मध्यस्थीची प्रार्थना, अर्पण, प्रभुभोजन, आशीर्वाद. हा क्रम म्हणजे सोमवारपासूनच्या जगण्याची तालीम आहे. पापांगीकारात जो माणूस आपली चूक सगळ्यांसमक्ष मोठ्याने म्हणतो, त्याला घरी बायकोपुढे, कामावर हाताखालच्या माणसापुढे 'माझे चुकले' म्हणायची सवय लागावी. वचन वाचताना जो गप्प बसून ऐकतो, त्याने गरिबाचे म्हणणेही मध्ये न तोडता ऐकावे. मेजावर एका भाकरीचे तुकडे होतात आणि मोठा तुकडा कोणालाच मिळत नाही. आणि शेवटचा आशीर्वाद म्हणजे निरोप. आपले कॅथलिक बांधव उपासनेला 'मिस्सा' म्हणतात. हा शब्द लॅटिनमधून, पोर्तुगिजांमार्फत आपल्याकडे आला, आणि त्याचे मूळ उपासनेच्या शेवटी लोकांना निरोप देण्याच्या शब्दांत आहे. अख्ख्या विधीला नाव पडले ते निघून जाण्याच्या क्षणावरून.

आपल्या भूमीत एकाच मेजाचा अर्थ फार मोठा होता. एकोणिसाव्या शतकात नगरच्या मिशनमध्ये ब्राह्मण आणि महार घरांतून आलेली माणसे एका पेल्यातून प्यायली, तेव्हा त्या एका घोटाने जे केले ते शंभर व्याख्यानांना जमले नसते. लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यांना ठाऊक आहे, की त्यांचे पती नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा आणि लक्ष्मीबाईंचा १९०० सालचा. मधली पाच वर्षे सोवळ्याओवळ्याशी आणि जातीच्या कल्पनांशी झुंजण्यात गेली. देवाला भजायचे तर कोणाच्या हातचे पाणी प्यायचे, हा प्रश्न टाळता येत नाही, हे त्या बाईंनी जगून दाखवले.

आणि गाणे! गाणे नसते तर आमची फडातली माणसे केव्हाच एकाकी पडली असती. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात रायतूरला छापले गेले. ज्ञानोबांच्या छंदात येशूची कथा इथल्या माणसाच्या तोंडी बसली. पुढे नगरकडे कृष्णराव सांगळे यांनी पदे रचली आणि ख्रिस्ती कीर्तन उभे केले. टिळकांनी शंभराहून अधिक गीते लिहिली. परक्या चालींवर ओढूनताणून बसवलेल्या शब्दांऐवजी अभंगाची लय आली, पेटी, तबला आणि टाळ आले. अक्षरओळख नसलेली बाई ही गीते पाठ म्हणते. ऊस तोडताना, मोळी बांधताना, वाढे वेगळे काढताना म्हणते. तिच्याजवळ पुस्तक नाही, देऊळ नाही, घंटा नाही. गाणे आहे, आणि त्या गाण्यात तिची सगळी मंडळी तिच्यासोबत आहे.

राबणे आणि भजणे एका जागी कसे नांदते ते पाहायचे असेल तर केडगावला जावे. पंडिता रमाबाईंनी तिथल्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून वाचवलेल्या मुलींना आणि टाकलेल्या विधवांना आसरा दिला. तिथे प्रार्थना होत्या, आणि शेती, विणकाम, छापखानाही होता. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि साध्या बायकांना कळावे म्हणून सगळे बायबल सोप्या मराठीत आणायला बसल्या. १९२२ साली त्या गेल्या. १९२४ साली ते बायबल मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले. तिथल्या बायकांनी त्याचे खिळे जुळवले होते. मला विचाराल तर ते खिळे जुळवणारे हात आणि प्रार्थनेत जोडलेले हात यांत देवाने काही फरक केला नसेल.

एवढे सगळे माहीत असूनही चूक होते. एका मंडळीत मी नवा असताना दोन घराण्यांत देवळाच्या आवारातल्या जागेवरून कोर्टात दावा चालू होता. एक घराणे उजव्या बाजूला बसे, दुसरे डाव्या. चार वर्षे मी दोन्ही बाजूंना भाकर वाटत राहिलो आणि तोंडातून अवाक्षर काढले नाही. मत्तयच्या शुभवर्तमानात येशू स्वच्छ सांगतो, की वेदीपाशी आल्यावर भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट कर. मी ते दरवर्षी वाचत होतो. पाचव्या वर्षी एका रविवारी मी मेजावरचे वस्त्र काढलेच नाही. म्हणालो, आधी एकमेकांना भेटा. कोणी उठले नाही. मेज झाकलेलेच राहिले, आणि लोक घरी गेले. दावा त्यानंतरही चालला. पण त्या चार वर्षांत मी वाटली ती भाकर प्रभुभोजन नव्हती, हे मी तेव्हा मान्य केले आणि आजही करतो. करिंथच्या मंडळीत श्रीमंत आधी जेवून घेत आणि गरीब येईपर्यंत काही उरत नसे. तेव्हा पौलानेही त्यांना हेच सुनावले होते.

म्हणून शेवटी शब्बाथाविषयी. सातव्या दिवशी विसावा घेण्याची आज्ञा अनुवादच्या पुस्तकात येते तेव्हा तिचे कारणही सांगितले आहे. तू मिसरात दास होतास हे आठव, म्हणून तुझ्याप्रमाणे तुझ्या दासालाही आणि दासीलाही विसावा मिळू दे. पवित्र दिवसाची बायबलने दिलेली खूण ही आहे. आपण किती वेळ गुडघे टेकले यापेक्षा आपल्यामुळे कोणाचे हात मोकळे झाले, हे त्या दिवशी पाहायचे. आम्ही रविवारी पांढरेशुभ्र कपडे घालून मंदिरात बसतो तेव्हा आमच्या घरी धुणीभांडी करणारी बाई ओट्याशी उभी असेल, तर आमच्या उपासनेतला मोठा भाग अजून व्हायचा आहे.

मावशी आता नाहीत. त्यांची सून कोयत्याला जाते. माझ्या विद्यार्थ्यांना मी दर डिसेंबरात दोन दिवस फडात पाठवतो. सोबत भाकर, द्राक्षरस आणि गाण्याचे पुस्तक. परत आल्यावर त्यांनी फक्त एवढेच लिहून द्यायचे असते, की कोणाचा वाटा पोहोचला आणि कोणाचा राहिला.

वाचकहो, तुमचा देव कोणत्याही नावाचा असो. ही दिवाळी उरकली की उसाच्या गाड्या तुमच्या रस्त्यावरून जातील. तुमच्या सणाच्या दिवशी तुमच्यासाठी राबलेल्या एका माणसाचे नाव आठवा. त्याला एक दिवस पगारी सुट्टी द्या, आणि तुमच्या ताटातला त्याचा वाटा स्वतः त्याच्या घरी नेऊन द्या. दुसऱ्या कोणाच्या हाती पाठवू नका.