यानाकाच्या बोरूत

टोकियोहून तोबू निक्को लाइनने उत्तरेला निघालेल्या प्रवाशांपैकी बरेच जण निक्कोची देवळं पाहायला जातात. मी त्याआधीच, याग्यू या छोट्या स्टेशनवर उतरले. जवळच भातखाचरांमध्ये साइतामा, गुन्मा आणि तोचिगी हे तीन प्रांत एका बिंदूवर भेटतात. लोक हौसेने तिथे फोटो काढतात. ही सीमा पूर्वी नदीच्या पात्रात होती. वातारासे नदी दुसरीकडे वळवली, म्हणून ती कोरड्यावर आली. नदी का वळवावी लागली, हे पाहायलाच मी आले होते.

त्याचं कारण वर डोंगरात, आशिओच्या तांब्याच्या खाणीत आहे. फुरुकावा इचिबेईने 1877 मध्ये ती खाण घेतली. भट्ट्यांच्या धुराने डोंगर उघडे पडले, मातीला धरून ठेवणारी झाडं गेली आणि पुरांबरोबर विषारी गाळ खालच्या शेतांत पसरू लागला. मासे मेले, भात करपला. पण तांबं परदेशी चलन आणत होतं आणि नव्या जपानला तेच हवं होतं.

तानाका शोझो याच भागातल्या एका गावचा मुखिया. 1890 मध्ये तो जपानच्या पहिल्या संसदेत निवडून आला आणि पुढच्याच वर्षी त्याने हा प्रश्न तिथे मांडला. खाणीची जबाबदारी ज्यांच्या खात्यात होती, त्या मंत्र्यांचा, मुत्सु मुनेमित्सुंचा मुलगा फुरुकावाच्या घरात दत्तक गेला होता. तानाका दहा वर्षं बोलत राहिला. 1900 च्या फेब्रुवारीत टोकियोकडे गाऱ्हाणं घेऊन निघालेल्या शेतकऱ्यांना पोलिसांनी कावामाता इथे झोडपलं आणि उलट त्यांच्यावरच खटले भरले. तानाकाने खासदारकी सोडली. 10 डिसेंबर 1901 रोजी संसदेतून परतणाऱ्या सम्राटाच्या बग्गीकडे तो अर्ज हातात धरून धावला. पोलिसांनी त्याला अडवलं आणि वेडा ठरवून त्याच दिवशी सोडून दिलं. अर्ज लिहून दिला होता कोतोकु शूसुई या पत्रकाराने. तानाकाने त्यात स्वतःच्या हाताने दुरुस्त्या केल्या आणि प्रत्येक दुरुस्तीवर रीतसर शिक्का मारला. मला हा माणूस त्या शिक्क्यांत दिसतो. सगळे नियम पाळून झाल्यावरच त्याने सगळ्यात मोठा नियम मोडला. शूसुईला पुढे 1911 मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात फाशी झाली.

सरकारने खाण बंद केली नाही. नदी तिकडे वळवून पुराचं पाणी साठवायला यानाका हे सुमारे साडेचारशे घरांचं गाव बुडवायचं ठरवलं. 1904 मध्ये तानाका तिथे राहायलाच गेला. गावकऱ्यांना शिकवायला आलेला हा म्हातारा त्यांच्याकडूनच शिकू लागला, असं तो स्वतः सांगत असे. 1907 मध्ये उरलेली सोळा घरं पाडली गेली. माणसं तिथेच झोपड्या बांधून राहिली, ती 1917 पर्यंत. तोवर तानाका गेला होता. 1913 मध्ये तो वारला, तेव्हा त्याच्या थैलीत बायबलचा नवा करार, राज्यघटना, डायऱ्या आणि काही खडे होते.

आज इथे तेहतीस चौरस किलोमीटरची पाणथळ जागा आहे. 2012 मध्ये तिला रामसर दर्जा मिळाला. बोरू डोक्याच्या वर जातो. मार्चमध्ये तो पेटवतात, म्हणजे नवा फुटवा जोमाने येतो. पायवाटेने आत गेलं की मातीचे चौथरे लागतात. पूर आला तरी घर वर राहावं, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या माती टाकून उंच केलेली ही जोती. देवळाच्या जागी शेवाळलेले थडग्यांचे दगड उभे आहेत. मी बराच वेळ तिथे घालवला, कारण हे दगड आपोआप उरलेले नाहीत.

1970 च्या दशकात इथे मोठा जलाशय खोदायला सुरुवात झाली, तेव्हा यानाकाचे वंशज बुलडोझरसमोर उभे राहिले. गाव उठवल्यावर दूर होक्काइडोत पाठवलेल्यांपैकी काही कुटुंबं साधारण त्याच सुमारास, साठ वर्षांनी, तोचिगीला परतत होती. अखेर आराखडा बदलला, स्मशान आणि चौथरे वाचले. यानाका तलाव वरून बदामाच्या आकाराचा दिसतो, आणि जोडप्यांना तो फार आवडतो. त्या बदामाची खाच म्हणजेच त्या लोकांनी सोडायला नकार दिलेली जमीन.