पाचवं लेकरू

वहीच्या पहिल्या पानावर बेरीज बरोब्बर वीस हजार आली, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. खऱ्या खर्चाची बेरीज अशी गोल कधी येत नाही.

जानेवारी २०१९ ची गोष्ट. परभणीत वसमत रस्त्याच्या आतल्या गल्लीत आमचं तीन खोल्यांचं घर, सासऱ्यांनी बांधलेलं. गल्लीत दोन शिक्षिका, एक नर्स, एकजणी कृषी विद्यापीठात नोकरीला. चौघींची लेकरं दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या ओसरीवर, आणि बहुतेक वेळा ती ओसरी आमचीच. एकदा नर्सबाईच म्हणाली, "वहिनी, रीतसर पाळणाघरच काढा की. फुकट सांभाळता, मला रोज ओशाळवाणं होतं."

मग वही घेतली. सगळ्यात वर लिहिलं, भाडं शून्य. फार अभिमानानं लिहिलं होतं. खाली सहा गाद्यांची शिलाई आणि पिंजाऱ्याची मजुरी १,८००, पाळणा आणि दोन झोळ्या २,५००, खेळणी ३,०००, कूलर ६,५००, ताटल्या-वाट्या १,२००, दारावरची पाटी १,५००, रंग २,५००, किरकोळ १,०००. गाद्या स्वस्तात झाल्या, कारण कापूस माहेरचा. माझं माहेर मानवतकडचं, भावानं एक बोचकंच आणून टाकलं. खेळण्यांचे तीन हजार मात्र वाया गेले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी बोर्डी-कोसबाडला शिंपले, बिया, पानं यांतून शिकवायची साधनं केली, हे मी डी.एड.च्या वेळी पाठ केलं होतं, तरी दुकानात गेल्यावर विसरले. लेकरं शेवटी डब्यांच्या झाकणांशीच खेळली.

सुरू करण्याआधी ओळखीच्या एका अंगणवाडीताईंना घर बघायला बोलावलं. मी त्यांना रंगवलेली भिंत दाखवायला निघाले, तर त्या चप्पल न काढताच मागच्या दारी गेल्या.

"हौद कुठाय?"

आमच्या भागात तेव्हा नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी यायचं. त्यामुळे घर लहान असो की मोठं, जमिनीत हौद असतोच. आमच्या हौदावर पत्र्याचा तुकडा आणि त्यावर दगड, पंधरा वर्षं तसाच.

"लेकरू आधी पाण्याकडं जातंय, मग खेळण्याकडं," ताई म्हणाल्या. "हे झाकल्याबिगर एक बी लेकरू घेऊ नको."

वेल्डिंगवाल्याकडून कडीकुलपाचं लोखंडी झाकण करून घेतलं, २,८००. जिन्याला फाटक, १,५००. मग ताईंनी गुडघ्याएवढ्या उंचीवरचे प्लग दाखवले. ते वर घ्यायला वायरमन आला, १,७००. एप्रिल-मे मध्ये आमच्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि दुपारी लाईट गेली की कूलर म्हणजे नुसता लोखंडी डबा. सहा लेकरं एका खोलीत झोपवायची म्हणजे इन्व्हर्टर आलाच, बॅटरीसह १६,०००. वीस हजारांचे बेचाळीस झाले आणि या वाढीव खर्चातली एकही गोष्ट "पाळणाघर" म्हटल्यावर डोळ्यांपुढे येत नाही.

पैसे उभे करायला बँकेत गेले. मुद्रा योजनेत "शिशु" नावाचा गट आहे, ५० हजारांपर्यंत, तारण लागत नाही. नाव ऐकून वाटलं, ही तर आपल्यासाठीच. साहेब म्हणाले, मशिनरीचं कोटेशन आणा. मी कूलर आणि इन्व्हर्टरचं आणलं. "पण बाई, लेकरं सांभाळायला मशीन कशाला?" तीन हेलपाट्यांनंतर मी नाद सोडला आणि आमच्या बचत गटातून वीस हजार उचलले, शेकडा दोन रुपये महिना व्याजानं. हे व्याज वर्षाला २४ टक्के पडतं, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण गटात कुणी कोटेशन मागितलं नाही. वीस हजार माझे साठवलेले होते. वरचे दोन हजार यांनी दिले. सरकारी कागद मात्र सोपे निघाले. कामाला दहापेक्षा कमी माणसं असतील तर दुकान कायद्याखाली तेव्हा नुसती ऑनलाइन सूचना द्यावी लागायची.

६ एप्रिलला गुढीपाडवा होता. साडेतीन मुहूर्तांपैकी एक, म्हणून त्या दिवशी पाटी लावली. मुहूर्त शुभ होता, हिशेब अशुभ. तीन लेकरं आली आणि त्यांतली दोन शिक्षिकांची. मे महिन्यात शाळांना सुट्टी लागते, हे डी.एड. झालेल्या बाईच्या ध्यानात येऊ नये! दोघी आपापली लेकरं घेऊन माहेरी गेल्या. अख्खा मे मी, मदतनीस मावशी आणि सासूबाई, तिघी मिळून एक लेकरू सांभाळत होतो.

लेकरामागे महिना १,५०० घ्यायचे. त्यातले ३०० दूध-खाऊत जायचे, उरायचे १,२००. मावशीचा पगार ४,०००, जादा लाईट ९००, फिनेल-साबण ४००, व्याज ४००, असे ५,७०० रुपये लेकरू एक असलं तरी जायचेच. भागाकार केला तर पावणेपाच. म्हणजे पाचवं लेकरू दारात येईपर्यंत मी पदरचे पैसे घालून लोकांची लेकरं सांभाळणार. त्यात तो उन्हाळा दुष्काळाचा, टँकर वेगळे. एप्रिलला ३,१०० चा खड्डा, मे मध्ये ६,०००, शाळा उघडल्या तरी जूनमध्ये १,४००. साडेदहा हजार झाले. हे यांच्या खिशातून आले, म्हणजे घरखर्चातून, म्हणजे माझ्याच भाजीपाल्यातून. सगळं मिळून साडेबावन्न हजार. पहिल्या पानावर या रिकाम्या महिन्यांसाठी एक ओळसुद्धा नव्हती.

जुलैत सात लेकरं झाली. खर्च जाऊन २,७०० उरले. २६ दिवसांनी भागले तर दिवसाला १०४ रुपये, आणि त्यातून गटाचं मुद्दल फेडायचं. खुरपायला जाणाऱ्या बाईचा रोज याहून जास्त होता.

त्या रात्री मी हा हिशेब मोठ्यानं वाचत होते. सासूबाई जात्याजवळ बसून लसूण सोलत होत्या. सुरुवातीला त्यांचा विरोधच होता. "लेकरं संभाळायचे पैसे घेतेस व्हय? लोक काय म्हणतील?" असं म्हणायच्या. पण रडणारं लेकरू त्यांच्याच मांडीवर गप व्हायचं. आंघोळी, पाय चोळणं, झोळीची दोरी, सगळं त्यांच्याकडे. ऐकता ऐकता त्यांनी विचारलं,

"यात मावशीचे चार हजार हायत. मी कुठं हाय?"

मी वही उलटीपालटी केली. भाडं शून्य लिहिलं होतं त्याच शाईनं त्याही शून्य होत्या, फक्त ते लिहिलेलंसुद्धा नव्हतं. पुढच्या महिन्यापासून त्यांच्या नावाचा हजार रुपयांचा रकाना घातला आणि फी १,७०० केली. एक लेकरू गेलं, सहा राहिली. फी वाढवल्याचं मला वाईट वाटलं नाही. सासूबाईंनी पहिले हजार रुपये घेतले, मोजले आणि पंढरीच्या वारीसाठी डब्यात ठेवले.

मार्च २०२० मध्ये सगळंच बंद पडलं, तेव्हा तीन महिन्यांचा खर्च मी बाजूला ठेवलेला होता. मे २०१९ नं तेवढं शिकवलं होतं. सासूबाईंची वारी मात्र त्या वर्षी राहिली.

परवा जिंतूरहून मावसबहिणीच्या सुनेचा फोन आला. तिलाही पाळणाघर काढायचंय. बाळंतपणाच्या रजेचा कायदा २०१७ साली बदलला आणि ५० किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर हवं असा नियम झाला. पण माझ्याकडे लेकरू ठेवणाऱ्या एकीच्याही कामाच्या ठिकाणी ते नाही. तेव्हा जिंतुरातही गिऱ्हाईक मिळेल, यात शंका नाही.

"मावशी, अंदाजे किती लागतील?" तिनं विचारलं.

"तुझ्याकडं हौद हाय का?"

"हाय की. का?"

"त्याच्यावर काय ठेवलंय?"

ती जरा थांबली. "पत्रा," म्हणाली, "आणि वर दगड."

"वही घे," मी म्हटलं.