भेटीची वेळ

दारावर पाटी होती : 'भेटण्याची वेळ सकाळी ११ ते ११.३०, सायंकाळी ५ ते ५.३०'. पाट्या रुग्णालयात असायच्याच. पण ती वाचताना आम्हां दोघांनाही एकदमच जाणवले की आपण आपल्याच मुलाकडे पाहुणे म्हणून आलो आहोत. २०१७ सालच्या पावसाळ्यात आमचा मुलगा तिसाव्या आठवड्यात, म्हणजे दिवस भरण्याच्या दहा आठवडे आधी जन्मला. वजन १,२४० ग्रॅम. काचेच्या पेटीवर चिकटवलेल्या पट्टीवर आईचे नाव आणि त्यापुढे 'बाळ' एवढेच लिहिले होते. बाराव्या दिवशी बारसे व्हायचे, ते झाले नाही. नाव ठेवले की जीव अधिक गुंततो, अशी भीती आम्हांला वाटत होती. ती आम्ही एकमेकांपाशीही बोललो नाही.

आम्ही दोघेही भाषेचे शिक्षक. शब्दांवर पोट भरणारी माणसे. पण पहिल्या आठवड्यात आमच्या तोंडी आकड्यांखेरीज काही नव्हते. वजन किती, ऑक्सिजन किती, दूध किती मिली पचले? नजर सतत मॉनिटरवर. एके दिवशी तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "ताई, सर, मशीनकडे बघायला आम्ही आहोत. तुम्ही बाळाकडे बघा."

त्या एका वाक्याने आमचे शिक्षण सुरू झाले. सिस्टरांनी आम्हांला बाळ वाचायला शिकवले. 'वाचायला' हा शब्द आम्ही अलंकार म्हणून वापरत नाही. बोटे पंख्यासारखी पसरली, कपाळाला आठी आली, उचकी लागली किंवा वारंवार जांभया येऊ लागल्या, की त्याला उजेड, आवाज, हाताळणी फार होत आहे असे समजायचे. हात तोंडाकडे गेला, चेहरा सैल पडला, की तो स्वस्थ आहे. आयुष्यभर आम्ही विद्यार्थ्यांना सांगत आलो की संहितेत जे आहे ते आधी पाहा, तुमचा अर्थ तिच्यावर लादू नका. आता हे आम्हांला १,२४० ग्रॅमच्या संहितेसमोर पाळायचे होते. आमचे प्रेम उतू जात असले तरी, त्याला झोप हवी असेल तर हात मागे घेणे हेच प्रेम.

स्पर्शाचेही तसेच. आपला हात सहज गोंजारायला जातो. पण इतक्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाला हलके कुरवाळणे सोसत नाही. अंगठ्या-बांगड्या काढून, कोपरापर्यंत हात धुऊन, ते ऊबदार करून एक तळवा डोक्याशी आणि दुसरा मुडपलेल्या पायांशी न हलवता ठेवायचा. गर्भाशयाची भिंत जे करत होती तेच दोन तळव्यांनी करायचे. पहिल्यांदा हात ठेवला तेव्हा आमचाच श्वास अडकला होता. त्याचा मात्र संथ झाला.

मग बोलायचे ठरले, आणि आमची खरी फजिती झाली. बाळ आईचा आवाज जन्माआधीच ऐकत असते. नवजात अर्भके परक्या आवाजापेक्षा आईचा आवाज पसंत करतात, हे १९८० सालच्या प्रयोगात दिसून आले होते. हे ठाऊक असूनही पेटीच्या गोल खिडकीशी तोंड नेल्यावर आम्हांला एक वाक्य सुचेना. इतक्या वर्षांच्या पाठांतरातली एकही कविता तिथे खरी वाटेना. शेवटी आमच्यापैकी जो बाप होता त्याच्या तोंडून हलक्या आवाजात निघाले, "बे एके बे, बे दुणे चार". बेचा पाढा संपला, मग तीनचा. बाळाने डोळे किलकिले केले. अर्थाच्या आधी भाषेत लय असते, आणि लयीच्याही आधी कुणीतरी आपल्याशी बोलत असते, हे वर्गात आम्ही अनेकदा सांगितले होते. त्यावर आमचा विश्वास त्या दिवशी बसला.

आमच्यापैकी जी आई होती तिच्या वाट्याला आणखी एक काम होते. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, दूध काढायचे. पहिल्या चिकाचे थेंबही वाया जाऊ द्यायचे नव्हते. संसर्गापासून रक्षण करणारे पुष्कळ काही त्यात असते. ते दूध बारीक नळीवाटे पोटात जाई. बाळंतिणीने कानाला बांधून, शेक घेत पडून राहायचे, ती एसीत बसून राहते, हे आजींना मुळीच पसंत नव्हते. चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास बाळ गिळू लागले आणि सिस्टरांनी लांब चोचीची वाटी काढली. त्या तिला 'पालादाई' म्हणत. काचेपलीकडून पाहणाऱ्या आजी एकदम म्हणाल्या, "अगं, हे तर आपलं बोंडलं!" त्या दिवसापासून त्यांनी तक्रार केली नाही; उलट आळिवाची खीर डब्यातून येऊ लागली.

बाळाला उघड्या छातीशी घेण्याची वेळ मात्र नवव्या दिवशी आली. या 'कांगारू' पद्धतीचा उगम १९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे झाला. पेट्या अपुऱ्या, एकेका पेटीत अनेक बाळे, त्यातून जंतुसंसर्ग, तेव्हा डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी आयांनाच बाळे छातीशी बांधून घ्यायला सांगितले. आमच्या वेळी बाळाची प्रकृती स्थिर झाल्यावरच हे करावे असा संकेत होता. पुढे २०२१ साली भारतासह पाच देशांतील पाहणी प्रसिद्ध झाली. जन्मापासूनच आईजवळ ठेवलेल्या कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू सुमारे चतुर्थांशाने घटलेले आढळले. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले की व्हेंटिलेटरवर असलेली, शॉकमध्ये असलेली अशी काही बाळे वगळता, शक्य तितक्या लवकर आणि दिवसाचे आठ ते चोवीस तास बाळ छातीशी असावे. ते वाचले तेव्हा आमचा मुलगा पाच वर्षांचा होता आणि शेजारच्या खोलीत भांडत होता. तरीही त्या आठ दिवसांसाठी आम्ही दोघे बराच वेळ गप्प बसलो. दोष कुणाचा नव्हता. तेव्हाचे ज्ञान तेवढे होते. पण आई-बाप उपचाराचा भाग आहेत, हे कुणी पहिल्याच दिवशी सांगितले असते तर आम्ही दारात तसे उभे राहिलो नसतो.

एक्केचाळिसाव्या दिवशी, १,८६० ग्रॅमचा, तो घरी आला. त्याआधी अपुऱ्या दिवसांच्या बाळांची होते ती डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झाली. बारसे त्यानंतर. त्याच्या वयाची मुले बसू लागली तेव्हा तो कुशीवर वळत होता. दहा आठवडे वजा करून मोजायचे, हेही आम्ही शिकलो.

ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांना आमचे एवढेच सांगणे : आत गेल्यावर 'आज काय करू शकतो?' हे विचारा. हात धुवा, बसा, बाळाकडे पाहा, हलक्या आवाजात काहीही बोला. पाढे चालतात. पाटीवर लिहिलेली वेळ भेटायला येणाऱ्यांसाठी असते. तुम्ही भेटायला आलेले नाही.