मध्यंतरानंतर

2025 च्या सप्टेंबरात एका शनिवारी, तोरिनो शहराच्या उत्तर टोकाला, एका मॉलच्या पार्किंगमध्ये मी जमिनीकडे बघत येरझाऱ्या घालत होतो. ट्रॉली ढकलत निघालेल्या एका बाईंनी थांबून विचारलं, "किल्ल्या पडल्या का?" मी म्हणालो, "नाही, इथे एक खड्डा होता." बाई जरा घाईनेच पुढे गेल्या. कुर्ल्यात वाढलेल्या माणसाने खड्डा शोधायला इटलीत यावं, हे त्यांना काय, मलाही पटवून सांगता आलं नसतं.

खड्डा खरं तर समोरच्या स्टेडियमच्या आत असायला हवा. पण ते स्टेडियम युव्हेंटसचं. आत जायचं तर तिकीट काढावं लागतं, आणि युव्हेंटसच्या गल्ल्यात आपला एक पैसाही पडता कामा नये, असा आप्पांचा दंडक होता. आप्पा आता नाहीत. दंडक आहे.

पूर्वी इथे 'देल्ले आल्पी' नावाचं स्टेडियम होतं. 1990 च्या फुटबॉल विश्वचषकासाठी बांधलेलं, जवळपास सत्तर हजार माणसं मावतील एवढं. मैदान आणि प्रेक्षक यांच्यामध्ये धावपट्टी होती. तिच्यावर कोणी धावलेलं मी कधी पाहिलं नाही, पण तिच्यापायी खेळाडू इतके लांब गेले होते की गोल झालेला दिसायचा नाही, त्याची बातमी यायची. शहरातले दोन्ही क्लब, युव्हेंटस आणि तोरिनो, त्या एकाच मैदानावर खेळायचे. एका चुलीवर दोन जावा. 2006 मध्ये चूल विझली, तोरिनो शहरातल्या जुन्या स्टेडियममध्ये राहायला गेला, आणि युव्हेंटसने हे सगळं पाडून 2011 मध्ये नवं बांधलं. नवं सुटसुटीत आहे, प्रेक्षक मैदानाला खेटून बसतात. बाहेर त्यांच्या मोठमोठ्या खेळाडूंचा गौरव आहे. 'इथे एक खड्डा होता' अशी पाटी मात्र कुठेही नाही.

मी 2001 च्या उन्हाळ्यात गाड्यांच्या डिझाइनचं काम शिकायला या शहरात आलो. वडील कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात होते. तिथल्या पद्मिनीला मुंबई शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिली, आणि आमच्या घरात फियाटचं गाव म्हणून तोरिनोचं नाव पंढरपूरच्या चालीवर घेतलं जाई. 1923 पासून युव्हेंटस हा फियाटवाल्या आन्येल्ली घराण्याचा क्लब. त्यामुळे मी रीतसर युव्हेंटसचा व्हायच्या बेतात होतो. घरमालकाने वाचवलं. किंवा बुडवलं.

घरमालक सत्तरीचे, मिराफिओरीच्या फियाट कारखान्यातून निवृत्त झालेले. मी पहिल्याच दिवशी त्यांना आदराने 'काका' म्हणालो. त्यांचा चेहरा बघून लक्षात आलं की काहीतरी चुकलं. हा शब्द इटालियन मुलं पॉटीवर बसून म्हणतात, हे नंतर समजलं. मग मी त्यांना 'आप्पा' म्हणू लागलो. दोन वर्षांनी काका नावाचा ब्राझिलियन खेळाडू मिलानकडे आला, तेव्हा आप्पा आठवडाभर हसत होते. "पोरा, मिलानने तुझ्या नात्यातला माणूस विकत घेतला!"

वडील फियाट बनवायचे हे ऐकून त्यांनी गंभीरपणे विचारलं, "म्हणजे तिथले साहेबही युव्हेंटसचेच?"

"नाही, क्रिकेटचे."

"म्हणजे माणसं बरी होती," ते म्हणाले.

आप्पा तोरिनोचे. या क्लबचं चिन्ह बैल. आपल्याकडे कुणाला बैल म्हटलं की भांडण होतं, इथे म्हातारी माणसं छातीवर बैल लावून अभिमानाने फिरतात. रंग 'ग्रानाता'. त्याला मराठीत डाळिंबी हा नेमका शब्द आहे, आणि मूळ इटालियन शब्दही डाळिंबावरूनच आलेला. हे मी आप्पांना सांगितलं, तेव्हा त्यांनी माझ्या भाषेकडे प्रथमच आदराने पाहिलं. डाळिंबी म्हटल्यावर आम्हाला उसळ आठवते, हे मात्र मी सांगितलं नाही.

14 ऑक्टोबर 2001. रविवार, दोन जावांचा सामना. पंचवीस मिनिटांत युव्हेंटस तीन-शून्यने पुढे: डेल पिएरो, टुडोर, पुन्हा डेल पिएरो. त्यांच्या गोलमध्ये बुफॉन उभा, म्हणजे आपण तीन गोल परत करू असं मनात आणणंही हास्यास्पद. मध्यंतर झालं. थंडी होती, भूक लागली होती, आणि खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती. मी उठलो. "आप्पा, चला. नंतर ट्रामला गर्दी होईल." आप्पांनी वर बघितलंही नाही. "तू हो पुढे," एवढंच म्हणाले.

ट्राम लवकर आली नाही. थांब्यावर उभा असताना स्टेडियममधून पहिली गर्जना आली. चार-शून्य, मी मनात म्हटलं. काही वेळाने दुसरी. पाच-शून्य. मग ट्राम आली. घरी जाऊन मी आप्पांच्या सांत्वनासाठी मुगाची खिचडी टाकली.

आप्पा आले तेव्हा घसा पूर्ण बसलेला. मला वाटलं, रडून. मी हळूच म्हणालो, "पाच?" त्यांनी टोपी काढून खुंटीला लावली, खिचडीचं ताट उचललं आणि खोलीचं दार लावून घेतलं.

सामना तीन-तीन सुटला होता. लुकारेल्ली, फेर्रांतेची पेनल्टी, आणि सात मिनिटं उरली असताना मास्पेरो. स्कोअर दुसऱ्या दिवशी पेपरात समजला. पण स्कोअर म्हणजे मॅच नव्हे. आप्पांनी त्या दिवसापासून मला मॅच सांगायचं नाकारलं. टीव्हीवर ती दृश्यं लागली की ते उठून टीव्ही बंद करत. ऑफिसात सगळे युव्हेंटसवाले. त्यांच्या लेखी तो रविवार कॅलेंडरमध्ये नव्हताच.

"जो मध्यंतराला उठतो," आप्पांनी निकाल दिला, "त्याला पुढची मॅच हप्त्याने मिळेल."

पहिल्या गोलचा हप्ता एका बार्बेराच्या बाटलीवर मिळाला. दुसरा नाताळात. तिसरा फेब्रुवारीत, परतीच्या सामन्यानंतर. तो सामना दोन-दोन सुटला, आणि शेवटी बरोबरी साधणाऱ्या युव्हेंटसच्या मारेस्काने डोक्याला बोटांची शिंगं लावून आमच्या बैलाची टर उडवली. मी शेवटपर्यंत बसलो होतो, म्हणून तो अपमान मला पूर्ण मिळाला. आप्पा खूश झाले. प्रत्येक हप्त्याला ते टेबलावर मीठदाणी, कॉर्क आणि ग्रिस्सिनीच्या काड्या मांडत, आणि गोल झाला की बुफॉन म्हणून ठेवलेली मिरपुडीची बाटली स्वतःच्या हाताने आडवी करत. एक हप्ता मात्र त्यांनी राखून ठेवला होता. "खड्ड्याचा," ते म्हणायचे. "त्याची अजून वेळ नाही."

त्या वर्षी 4 मे रोजी ते मला सुपेर्गाच्या टेकडीवर घेऊन गेले. सास्सीहून दात्यांच्या रुळावर चढणारी छोटी गाडी, वर बासिलिका. 1949 मध्ये याच दिवशी लिस्बनहून परतणारं तोरिनोचं विमान ढगात या बासिलिकेमागच्या भिंतीवर आदळलं. एकतीस माणसं गेली, त्यातले अठरा खेळाडू. पाठोपाठ पाच वेळा इटलीचं विजेतेपद मिळवणारा संघ एका संध्याकाळी संपला. आप्पा तेव्हा अठरा वर्षांचे होते. त्यांनी ती माणसं फिलाडेल्फियाच्या मैदानावर खेळताना पाहिली होती. कप्तान माझ्झोला शर्टाच्या बाह्या सरसावायचा आणि स्टँडमधून तुतारी वाजायची, की समजायचं आता पाव तास तोरिनोचा. ते मैदानही 1997 मध्ये पाडलं. दरवर्षी 4 मेला तोरिनोचा कप्तान टेकडीवर त्या सगळ्यांची नावं वाचतो. आप्पांचे ओठ त्याच्या अर्धं नाव पुढे चालत होते. तासभर बोलणारा माणूस उतरताना एक शब्द बोलला नाही.

विमान फियाटचंच होतं, हे मी पुष्कळ वर्षांनी वाचलं. आप्पांनी मला ते कधीच सांगितलं नाही. माझे वडील काय बनवायचे, ते त्यांच्या लक्षात होतं.

2003 च्या सुरुवातीला वडील आजारी पडले. मी मुंबईला गेलो. चार दिवसांत ते उठून बसले, चहा मागू लागले. "जा तू," म्हणाले, "इथे आता काय बघायचंय?" मलाही तसंच वाटलं. मी परतलो. घराचं कुलूप काढताना आत फोन वाजत होता.

पुन्हा निघायला दुसऱ्या दिवशीचं विमान होतं. त्या रात्री आप्पा स्वयंपाकघरात माझ्यासमोर येऊन बसले. मीठदाणी, कॉर्क, काड्या सगळं मांडलं, आणि राखून ठेवलेला हप्ता सांगायला घेतला. तीन-तीन झालेत. मॅच संपत आलीय. आणि पंचाने युव्हेंटसला पेनल्टी दिली. सगळे पंचाला घेरून ओरडतायत, हात जोडतायत, देवाला बोलावतायत. आणि नुकताच गोल केलेला आमचा मास्पेरो? तो पेनल्टीच्या ठिपक्यापाशी, बसची वाट बघत असल्यासारखा, इकडे तिकडे बघत, बुटाच्या टाचेने माती उकरतोय. हळूहळू. चिलीचा सालास येतो. चेंडू ठेवतो. धावतो. आणि चेंडू बारच्या वरून थेट आल्प्सकडे! आप्पांनी कॉर्कला टिचकी मारली. तो जाऊन कपाटावरच्या मदर मेरीला लागला.

मी हसलो. घरी वडील गेलेले आणि मी हसत होतो. मग हसणं मोडलं, आणि आप्पा काड्या गोळा करत बसून राहिले. दीड वर्ष मला ऊठसूट मध्यंतरावरून टोचणारा तो माणूस, त्या रात्री त्याने मध्यंतराचं नाव काढलं नाही.

"केवढा होता खड्डा?" मी नंतर विचारलं.

"कॉफीच्या कपाएवढा," ते म्हणाले. "एस्प्रेसोच्या."

पुढे मी तोरिनो सोडून पुण्याला आलो, तरी आप्पांचे फोन चालू राहिले. खड्डा वाढत गेला. 2005 मध्ये क्लबचं दिवाळं वाजलं, तेव्हा तो सूपच्या वाडग्याएवढा होता. पुढे बादली झाली. देल्ले आल्पी पाडायला घेतलं, त्या वेळी आप्पांचा आवाज अगदी ताजातवाना होता. "पोरा, पेपरवाले म्हणतात प्रेक्षकांना नीट दिसत नव्हतं म्हणून पाडतायत. खोटं! तो खड्डा बुजत नव्हता. सगळं स्टेडियम त्यात ओतलं, तेव्हा कुठे भरला."

माणसं जिंकलेल्या मॅचचा चषक कपाटात ठेवतात. आप्पांनी बरोबरी झालेल्या मॅचचा खड्डा जपला, आणि तो दरवर्षी थोडा खोल केला.

2014 च्या शरदात ते गेले. एप्रिल 2015 मध्ये तोरिनोने युव्हेंटसला दोन-एकने हरवलं, वीस वर्षांत पहिल्यांदा. मी पुण्यात रात्री एकटाच मोबाइलवर ते गोल पुन्हा पुन्हा बघत होतो, आणि आप्पांवर चिडलो होतो. आयुष्यात पहिल्यांदा ते मॅच संपायच्या आधी उठून गेले होते.

पार्किंगमधून मी रिकाम्या हाताने परतलो. दुसऱ्या दिवशी, रविवारी, शहरातल्या स्टेडियममध्ये तोरिनोची मॅच होती, अटालांटाबरोबर. सुपेर्गाला गेलेल्या संघाचंच नाव आता या स्टेडियमला दिलंय. डाळिंबी मफलर विकत घेतला. सप्टेंबरच्या उकाड्यात तो गळ्यात घालून बसलेला मी एकटाच असेन. मध्यंतराला शून्य-तीन. शेजारचे बापलेक उठले. बाप मला म्हणाला, "तुम्ही येत नाही? गर्दी होईल."

"तुम्ही व्हा पुढे," मी म्हणालो.

नंतर काहीही झालं नाही. लुकारेल्ली नाही, मास्पेरो नाही, गर्जना नाही. अगदी शेवटी पेनल्टी मिळाली, तीही आम्हालाच, आणि समोरच्या गोलकीपरने ती अडवली. शून्य-तीनच राहिलं. शेवटची शिट्टी होईपर्यंत मी बसलो होतो. मग उठून पेनल्टीच्या ठिपक्याकडे डोळे ताणून पाहिलं. एवढ्या लांबून काही दिसत नव्हतं.

रात्री पुण्याहून मुलाचा फोन आला. पेनल्टी कशी काय चुकली, म्हणून विचारत होता.

"खड्डा होता," मी म्हणालो. "कॉफीच्या कपाएवढा."